सरासरीच्या अलीकडे आणि पलीकडे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे विषय असावेत, हे ओघानेच आले. त्या पंक्तीत संख्याशास्त्राचाही पाट मांडण्याचे धाडस संयोजकांनी केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. फळ्यावर एकही सूत्र लिहायचे नाही, अशी अट त्यांनी मला घातली आहे. ती मी आनंदाने मान्य केली आहे, कारण आजच्या विषयाला सूत्रापेक्षा विवेकाची गरज अधिक आहे.

या देशात पोटभर अन्न न मिळणारी माणसे किती, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. १९७० ते १९८५ या काळात हा प्रश्न पुण्यातल्या दोन नामवंत मराठी विद्वानांत मोठ्या वादाचा विषय झाला. एका बाजूला अर्थशास्त्रज्ञ डॉ. वि. म. दांडेकर होते आणि दुसऱ्या बाजूला संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. दोघांपुढची पाहणीची आकडेवारी बव्हंशी एकाच प्रकारची होती आणि दोघांची गणिते बिनचूक होती, तरी उत्तरांत कोट्यवधी माणसांचे अंतर पडले. ते अंतर पडले एका कल्पनेपायी. तिचे नाव ‘प्रमाण विचलन’. ही कल्पना आधी समजून घेऊ आणि मग त्या वादाकडे वळू.

सरासरी आपणा सर्वांना ठाऊक आहे. पावसाची सरासरी, गुणांची सरासरी, क्रिकेटपटूच्या धावांची सरासरी यांचे उल्लेख वर्तमानपत्रांत रोज येतात. पण सरासरी ही अर्धीच हकीकत सांगते. समजा, आपल्या ग्रंथालयाच्या देवघेव विभागात पाच सभासदांनी पुस्तके अनुक्रमे १३, १४, १५, १६ आणि १७ दिवसांनी परत केली. सरासरी १५ दिवस. दुसऱ्या पाच सभासदांनी ३, ८, १५, २० आणि २९ दिवसांनी परत केली. त्यांचीही सरासरी १५ दिवसच. कागदावर दोन्ही गट सारखे. परंतु ग्रंथपालांना विचाराल तर दुसऱ्या गटाने त्यांची झोप उडवलेली असते. पहिल्या गटासाठी राखीव पुस्तकाचा वायदा करता येतो, दुसऱ्या गटासाठी तो करता येत नाही. सरासरीभोवती माणसे किती दूर पांगली आहेत, हे सांगणारा आणखी एक आकडा हवा.

तो कसा काढायचा? प्रत्येक सभासद सरासरीपासून किती दिवस दूर आहे, हे मांडावे. दुसऱ्या गटात पहिला सभासद १२ दिवस आधी आला, दुसरा ७ दिवस आधी, तिसरा बरोबर वेळेवर, चौथा ५ दिवस उशिरा आणि पाचवा १४ दिवस उशिरा. या अंतरांची नुसती बेरीज केली तर आधीचे आणि नंतरचे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती शून्य येते. सरासरीचा तो स्वभावच आहे. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, म्हणजे ऋण आणि धन हा भेद मिटतो. १४४, ४९, ०, २५ आणि १९६ यांची बेरीज ४१४. पाचांनी भागले की ८२.८. पण हे झाले ‘वर्ग दिवस’, आणि असा दिवस कोणत्याच पंचांगात नसतो! म्हणून वर्गमूळ काढून पुन्हा साध्या दिवसांवर यायचे. उत्तर येते ९.१ दिवस. पहिल्या गटाचे हेच उत्तर जेमतेम १.४ दिवस येते. या आकड्यालाच प्रमाण विचलन म्हणतात. नमुना लहान असेल तर पाचांऐवजी चारांनी भागावे, असा एक शास्त्रीय संकेत आहे. त्याची चर्चा आज सोडून देऊ.

नावाविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे. ‘प्रमाण’ म्हणजे येथे गुणोत्तर नव्हे. ‘प्रमाण वेळ’ किंवा ‘प्रमाण भाषा’ यांत जो अर्थ आहे, तो येथे घ्यायचा : मोजण्याचे ठरलेले माप. मूळ इंग्रजी संज्ञा कार्ल पिअर्सन यांनी १८९३-९४ मध्ये रूढ केली. ‘विचलन’ या शब्दाला मराठीत थोडासा ढळल्याचा, मार्ग सोडल्याचा वास येतो आणि तिथेच घोटाळा होतो. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या आपणा मंडळींना हे वेगळे सांगायला नको. प्रमाण मराठीपासून आपली बोली जरा ढळलेली आहे असे पुण्याहून आलेला पाहुणा म्हणतो. पण ती चुकलेली आहे असे आपण कधी मानत नाही. संख्याशास्त्रातले विचलनही बहुधा असेच असते.

आता दुसरी कल्पना : प्रसामान्य वितरण, म्हणजे ती प्रसिद्ध घंटेच्या आकाराची कमान. तिच्याकडे जाण्याचा एक रस्ता आपल्याच छंदःशास्त्रातून जातो. अक्षर लघु असते किंवा गुरू असते. आठ अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या एकूण किती रचना संभवतात? प्रत्येक स्थानी दोन पर्याय, म्हणून २५६. त्यांपैकी एकही लघु नसलेली रचना एकच. एक लघु असलेल्या ८, दोन असलेल्या २८, तीन असलेल्या ५६, चार असलेल्या ७०. आणि पुढे तोच क्रम उलटा : ५६, २८, ८, १. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने या संख्यांची जी मांडणी सांगितली, तिला मेरुप्रस्तार म्हणतात. युरोपात ती पुढे पास्कलच्या नावाने प्रसिद्ध झाली.

या ओळीतल्या संख्यांइतक्या उंचीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरती अशी टेकडी दिसेल. लघूंची सरासरी ४ आणि प्रमाण विचलन सुमारे १.४. आता मोजा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत ३, ४ आणि ५ लघूंच्या रचना येतात : ५६, ७० आणि ५६ मिळून १८२, म्हणजे २५६ पैकी ७१ टक्के. दोन प्रमाण विचलनांच्या आत २ ते ६ लघूंच्या २३८ रचना येतात, म्हणजे ९३ टक्के. (प्रत्यक्ष वृत्तांत या सर्व रचना चालत नाहीत, हे जाणकारांना ठाऊक आहे. येथे आपण केवळ संभव मोजत आहोत.) चरण आठांऐवजी आठशे अक्षरांचा केला तर काठ्यांची माथी एका गुळगुळीत वक्ररेषेत मिसळून जातात. ती रेषा पहिल्यांदा गणिताने पकडली अब्राहम द म्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने. प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्याला मायदेश सोडून लंडनमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. तेथे शिकवण्या करून आणि जुगाऱ्यांना संभाव्यतेची गणिते सोडवून देऊन तो पोट भरी. १७३३ साली त्याने आपला निष्कर्ष एका छोट्या लॅटिन पत्रिकेत छापला. पुढे गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८०९ मध्ये ग्रहगणितातल्या निरीक्षणांच्या चुकांना हीच रेषा लावली आणि नाव त्याचे झाले. युरो येण्यापूर्वीच्या जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर गाऊसच्या चित्राशेजारी ही कमान छापलेली असे. चलनी नोटेवर गणिताचे चित्र छापणाऱ्या राष्ट्राचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे.

पूर्ण विकसित कमानीचे माप असे : सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के, दोनांच्या आत ९५ टक्क्यांहून किंचित अधिक आणि तिनांच्या आत ९९.७ टक्के. आपल्या आठ अक्षरांच्या चरणाने ७१ आणि ९३ अशी उत्तरे दिली होती. त्या चिमुकल्या मेरूतही कमान किती उतरली आहे, हे यावरून ध्यानी येईल. दोन प्रमाण विचलनांच्या खाली एका बाजूला राहतात शंभरांत सुमारे २.३. हा २.३ चा आकडा आपण लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

ही कमान सृष्टीत जागोजागी का दिसते? लाप्लासने १८१० साली त्याचे कारण दिले. जेथे एखादी गोष्ट पुष्कळ लहान लहान, एकमेकांपासून स्वतंत्र कारणांच्या बेरजेने घडते आणि त्यांतले कोणतेही एक कारण बाकीच्यांवर कुरघोडी करीत नाही, तेथे ही कमान उमटते. माणसाची उंची घ्या. आईकडून आलेले काही, वडिलांकडून आलेले काही, बालपणीचे अन्न, आलेली-गेलेली आजारपणे, असे शेकडो लघु-गुरू त्यात असतात. मात्र अट मोडली की कमानही मोडते. दहा जणांत नऊ जणांची मासिक कमाई दहा दहा हजार आणि दहाव्याची पाच लाख असली, तर सरासरी येते ५९ हजार; आणि तेवढी कमाई असलेला माणूस त्या दहांत औषधालाही सापडत नाही. पैसा पैशाला ओढतो, उंची उंचीला ओढत नाही, एवढाच त्यातला भेद आहे. मिळकतीला ही कमान लावणाऱ्यापासून सावध राहावे. ‘प्रसामान्य’ या नावामुळे बाकीची सारी वितरणे विकृत आहेत असा लोकांचा समज होतो, याची खंत खुद्द पिअर्सन यांनी पुढे बोलून दाखवली होती.

या कमानीने माणसांच्या अभ्यासात प्रवेश केला तो बेल्जियमच्या केटले या ज्योतिर्विदामुळे. स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापे त्याने १८४६ मध्ये मांडून दाखवली. सरासरी सुमारे ४० इंच आणि दोन्ही बाजूंना तीच सुडौल उतरण. फ्रेंच सैन्यभरतीच्या उंचीच्या नोंदी पाहताना त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. भरतीसाठी लागणारी किमान उंची होती १५७ सेंटीमीटर. त्या मापाच्या किंचित खाली अपेक्षेहून पुष्कळ अधिक माणसे होती आणि किंचित वर तितकीच कमी. सुमारे दोन हजार तरुणांनी गुडघे वाकवून किंवा मोजणाऱ्याला वश करून आपली सुटका करून घेतली असावी, असे अनुमान केटलेने केवळ कमानीवरून केले. सरासरीला यातले काहीच दिसले नसते.

परंतु याच केटलेने एक गाठही मारून ठेवली. त्याच्या मते ‘सरासरी माणूस’ हा निसर्गाचा आदर्श. त्याच्यापासून जो ढळला तो निसर्गाच्या हातून झालेला नेमचुकार. म्हणजे आकाशातल्या ग्रहाचे स्थान मोजताना डोळा चुकतो, तसा निसर्ग माणूस घडवताना चुकतो. ही उपमा मला मुळीच मान्य नाही. ग्रहाचे खरे स्थान एकच असते. माणसांची खरी उंची मात्र जितकी माणसे तितकी असते. त्यांतली कोणतीही दुसरीची चूक नव्हे. हा भेद पुसला गेला की सरासरी हीच गरज, सरासरी हाच न्याय असे वाटू लागते. आणि येथून आपण पुण्यात येतो.

१९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि त्यांचे सहकारी प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रबंध मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २,२५० कॅलरी अन्न मिळण्यासाठी महिन्याला किती खर्च लागतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढले. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये. त्या रेषेच्या खाली खेड्यांतली सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतली जवळजवळ निम्मी माणसे होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरींचे मान ठरवले आणि दारिद्र्यरेषा हा शब्द घरोघरी पोहोचला.

सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्यात शिक्षण झाल्यावर ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. शेतातल्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने कसा करावा, याचा पाया भारतात घालणाऱ्यांत ते अग्रणी होते. १९५१ पासून १९७० पर्यंत रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या आधी या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातली दोनतृतीयांश माणसे भुकेली असल्याचे विधान केले होते आणि ते जगभर उद्धृत होत होते. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशोब मांडला : प्रत्यक्ष अपुरे अन्न मिळणारी माणसे दहा ते पंधरा टक्के; निकृष्ट आहाराची धरली तर निम्म्यापर्यंत. भुकेचा आकडा कमी सांगणे ही कोणत्याही काळी लोकप्रिय होण्याची रीत नव्हे. रोमहून ते पुण्याला परतले आणि हाच विचार त्यांनी भारतीय आकडेवारीला लावला.

त्यांचा मुद्दा साध्या उदाहरणाने सांगतो. आकडे समजण्यापुरते घेतो. निरोगी माणसांची सरासरी गरज २,४०० कॅलरी आणि प्रमाण विचलन ३६० धरा. सारख्या वयाच्या, सारखे काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांचे जेवण सारखे नसते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आता अशी वस्ती कल्पा, की जेथे प्रत्येक जण आपल्या गरजेइतके पोटभर जेवतो. त्या वस्तीवर २,४०० ची रेषा ओढली तर काय होईल? निम्मी माणसे रेषेखाली दिसतील. एकही उपाशी नाही आणि आपण निम्म्यांना उपाशी ठरवले! सरासरीला गरज मानण्याचे हे फळ. म्हणून, सुखात्मे म्हणत, रेषा सरासरीवर ओढू नका. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून ओढा. आमच्या उदाहरणात २,४०० मधून ७२० वजा जाता १,६८०. त्याच्याही खाली जो गेला तो उपाशी असण्याचा संभव फार मोठा, कारण निरोगी माणसांत शंभरांत २.३ हूनच काय ते त्याच्या खाली असतात. या रेषेने मोजले की भुकेल्यांची संख्या पुष्कळच खाली येई.

युक्तिवाद देखणा आहे आणि अर्धा खरा आहे. दुसरी वस्ती कल्पा. येथे प्रत्येकाच्या ताटात मोजून १,६८० कॅलरीच पडतात. सुखात्म्यांच्या रेषेने येथे कोणीच उपाशी ठरणार नाही. पण गरजा तर त्याच कमानीवर पसरलेल्या आहेत! १,६८० मध्ये ज्यांचे भागते अशी माणसे शंभरांत दोन-तीन. उरलेली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अर्धपोटी. म्हणजे तीच रेषा एका वस्तीत न्याय करते आणि दुसऱ्या वस्तीत घोर अन्याय. सरासरीची रेषा याच्या नेमकी उलट वागते. दोन्ही रेषांना एक गोष्ट दिसत नाही : कमी खाणारा माणूस कमी गरजेचा आहे म्हणून कमी खातो, की मिळत नाही म्हणून? प्रमाण विचलन पसारा मोजते. पसारा कशाने झाला, हे ते सांगत नाही.

दांडेकर हे मुळात संख्याशास्त्राचेच विद्यार्थी. त्यांनी १९८१ मध्ये या विषयावर सविस्तर उत्तर लिहिले. त्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या शब्दांत असा. नमुना पाहणीत एकेका माणसाचे एका दिवसाचे जेवण मोजलेले नसते. कुटुंबाचा महिन्याचा खर्च विचारलेला असतो आणि मग एकाच खर्चगटातल्या पुष्कळ कुटुंबांची सरासरी काढलेली असते. सरासरी काढली की विचलन आकसते. किती आकसते, याचा नियम आहे : शंभर माणसांच्या सरासरीचे विचलन एका माणसाच्या विचलनाच्या दहाव्या हिश्शाइतके, दहा हजारांच्या सरासरीचे शंभराव्या हिश्शाइतके. एखादा माणूस १,६८० वर सुखाने जगत असेल. पण शंभर माणसांच्या गरजेची सरासरी २,४०० पासून ३६-३६ कॅलरींच्या पायऱ्यांनीच हलते. ती १,६८० वर येणे म्हणजे एका दमात वीस पायऱ्या उतरणे. योगायोगाने ते घडत नाही. गरिबांच्या अख्ख्या गटाचे सरासरी जेवण कमी आले, तर त्याचे कारण स्वभावभेद नव्हे. रिकामा खिसा आहे.

सुखात्म्यांकडे यालाही उत्तर होते आणि संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते मला त्यांच्या साऱ्या युक्तिवादांत अधिक खोल वाटते. हे आकसणे केव्हा घडते? मोजमापे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. ब्रिटिश सैन्यातील भरती झालेल्या जवानांच्या रोजच्या आहाराच्या नोंदी आणि कॅलिफोर्नियाचे प्रा. शेल्डन मार्गन यांचे प्रयोग यांवरून त्यांनी दाखवले, की एकाच माणसाचा आहार व त्याचा शरीरातील जमाखर्च दिवसागणिक बदलतो आणि आजचा दिवस कालच्याशी बांधलेला असतो. त्यामुळे आठवड्याची सरासरी काढली तरी चढउतार नियमाप्रमाणे आकसत नाही. यावरून त्यांनी अनुमान केले, की शरीर एका पट्ट्याच्या आत स्वतःला सावरून घेते. कमी मिळाले तर काटकसरीने चालवते. गरज हा एक बिंदू नसून पट्टा आहे, आणि त्या पट्ट्याच्या तळापर्यंत माणूस निरोगी राहू शकतो. सुखात्मे-मार्गन सिद्धांत या नावाने तो ओळखला जातो.

येथे प्रश्न आकड्यांचा राहिला नाही, शरीराचा झाला. एका माणसाचे दिवसागणिक हेलकावे तो माणूस पोटभर खात असताना मोजलेले. त्यावरून महिनोन्‌महिने तळाशीच राहणाऱ्या माणसाविषयी निष्कर्ष काढता येईल का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांचा आक्षेप हाच होता. शरीर सावरून घेते हे खरे. पण ते फुकट नव्हे. मूल वाढीत किंमत मोजते, मोठा माणूस काम कमी करून मोजतो. १९८० नंतर ‘लहानखुरी पण निरोगी’ अशी एक कल्पना डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडली, तेव्हा गोपालन तिच्यावर तुटून पडले. माझे मत विचाराल तर सरासरीच्या मूर्तिपूजेवर सुखात्म्यांनी केलेला घाव अचूक होता. मात्र विचलनाचे कारण न शोधता त्याचा फायदा आकडेवारीला देणे मला पटत नाही. शंका असेल तर तिचा फायदा ताटाला मिळाला पाहिजे.

वाद मिटला असे म्हणता येणार नाही, वाटा बदलल्या. प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेची कॅलरींशी बांधलेली गाठ सोडली. उलट अन्न व शेती संघटना जगातल्या अपुऱ्या अन्नाचा जो अंदाज दरवर्षी करते, त्यात सरासरी गरजेऐवजी गरजेची खालची मर्यादाच घेतली जाते. त्या पद्धतीचे मूळ सुखात्म्यांच्या १९६१ च्या निबंधात आहे. दांडेकर १९९५ मध्ये आणि सुखात्मे १९९७ मध्ये निवर्तले.

ती दोन प्रमाण विचलनांची रेषा मात्र आज आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत पोहोचली आहे. तेथे मुलाच्या वाढीचा जो तक्ता असतो, त्यावरचे पट्टे प्रमाण विचलनांनीच आखलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुले मोजली. मुद्दाम अशी मुले निवडली, की ज्यांना आईचे दूध, पुरेसे अन्न आणि औषधपाणी मिळाले आहे. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. सहाही देशांतल्या मुलांच्या वाढीची कमान जवळपास एकच निघाली. म्हणजे भारतीय मूल जन्मजात ठेंगणे असते, या समजाला आधार उरला नाही. त्या मुलांवरून काढलेली मानके २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वयाच्या मानाने उंची सरासरीहून दोन प्रमाण विचलनांच्या खाली असेल, तर ते मूल खुरटलेले धरतात.

एखाद्या एकट्या मुलाविषयी ही रेषा खात्रीने काही सांगत नाही. आईवडील ठेंगणे, मूल खेळते-हसते, वजन नियमाने वाढते आहे, तर ते त्या २.३ टक्क्यांतले असू शकेल. अंगणवाडीताई तेवढ्यावरून घाबरत नाहीत आणि आजीनेही घाबरू नये. ताई दर महिन्याला नवा ठिपका मांडतात. मूल रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, यापेक्षा त्याची वाट वर चालली आहे की खाली, हे त्या पाहतात. परंतु गावाविषयी, देशाविषयी तीच रेषा फार मोठ्याने बोलते. सारी मुले पोटभर जेवत असती, तर शंभरांत दोन-तीनच तिच्या खाली सापडली असती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले तिच्या खाली होती. कमानीची केवळ शेपटी लांबून एवढा आकडा येत नाही. सबंध कमानच डावीकडे सरकली आहे; आणि रेषेच्या वर राहिलेली, म्हणून आपण निरोगी म्हणून मोजलेली मुलेही बहुतेक तिच्याबरोबर काही बोटे खाली आली आहेत.